सर्जाची घंटी

दिवस कासराभर वर आला तरी सुलाबाईनं घोडी लादली नाही.

वाड्याची रीत अशी, की कारभाऱ्याची घोडी आधी लादायची. तिच्या पाठीवर देवाची पाटी चढली, की मग बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या आवळायच्या. वाडा म्हणजे काही दगडामातीचा नव्हे. धनगरांची चार बिऱ्हाडं, त्यांची घोडी, कुत्री, डालग्यातल्या कोंबड्या आणि माळभर पसरलेली काळी-करडी मेंढरं, एवढ्याला मिळून वाडा म्हणायचं. दिवाळी सरली की हा वाडा पूर्वेच्या कोरड्या मुलखातून उठायचा आणि पलूस-कुंडलच्या बागायतीत उतरायचा. मोकळ्या रानात मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला खत मिळायचं, मेंढरांना पाला मिळायचा, आणि पाऊसकाळ जवळ आला की परत फिरायचं.

आज बाकीच्या बिऱ्हाडांची माणसं हातात दोऱ्या धरून ताटकळली होती आणि कारभारीण चुलीतली विझलेली राख काटकीनं उकरत बसली होती.

"वैनी, राखंत काय हारावलं का?" नाथाजीनं विचारलं. हा तिचा धाकटा दीर. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा.

सुलाबाई राख उकरत राहिली. तिची नजर समोरच्या रस्त्यावर होती. हाकेच्या अंतरावरून नवा चौपदरी रस्ता गेला होता. त्याच्या पलीकडं कुंडलच्या अंगाला ऊस तुटून मोकळी झालेली रानं होती, आणि तिथला मळेवाला यांची वाट बघत होता. अलीकडच्या या माळावर आता काडी उरली नव्हती. शिवाय ज्याच्या रानात उतरले होते, त्यानं बजावून ठेवलं होतं, की उद्या दुपारी हरभरा पेरायला पाणी सोडणार, तोवर रान मोकळं करा. रस्ता वरून ओलांडायची सोय राहिली नव्हती. मधोमध लोखंडी कठडा बसला होता. वाट एकच होती, रस्त्याच्या पोटातून गेलेला बोगदा. लांब, अंधारा, तळाला घोट्याएवढं पाणी. आत शिरलेल्या गाडीचा हॉर्न असा घुमायचा, की माळावर बसलेल्या सुलाबाईचा हात राखेत थांबायचा.

हॉर्नचं आणि तिचं वैर गेल्या सालचं होतं.

तिचा नवरा बिराप्पा वाड्याचा कारभारी. पोटात दुखतंय म्हणता म्हणता गेल्या साली श्रावणात गेला. वाट कुठून जाते, कुठल्या विहिरीवर मेंढरांना पाणी मिळतं, कोणता मळेवाला शब्दाचा आणि कोणता नुसता तोंडाचा, हे बिराप्पाच्या बरोबरीनं एकट्या सुलाबाईला ठाऊक होतं. म्हणून वाड्यातल्या सगळ्यात थोरल्या माणसानं, आप्पासोनं, तिचं नाव घेतलं. नाथाजीनं मान हलवली. ती मान होकाराची होती की अंगावरची माशी हाकलायची होती, हे कुणाला कळलं नाही.

आणखी एक रीत तेव्हाच पाळली गेली, अर्धी. कारभारी गेला की त्याच्या म्होरल्या एडक्याच्या, म्हणजे कळपापुढं चालणाऱ्या नराच्या, घंटीत लोकर कोंबायची, घंटी मुकी करायची. नवा कारभारी ठरला की त्यानं सगळ्यांदेखत ती लोकर आपल्या हातानं काढायची. बिराप्पाला माती दिली त्या दिवशी सुलाबाईनं स्वतः सर्जा एडक्याच्या गळ्यातल्या पितळी घंटीत लोकर कोंबली. काढायची वेळ आली तेव्हा नाथाजी म्हणाला, "घंटी बाईच्या हातानं सुटत नसती. राजा सुटीवर आला की त्येच्या हातानं सोडू." राजा म्हणजे तिचा मुलगा राजवर्धन, साताऱ्याला एका कारखान्यात कामाला. तो आला, जेवला, झोपला, गेला. घंटी तशीच राहिली. सुलाबाईनंही लावून धरलं नाही. तिला वाटलं, घंटीवाचून काय अडतंय? मेंढरं हाकली म्हणजे झालं. खरं सांगायचं तर आपण कारभारीण आहोत, हे तिचं तिलाच पटलेलं नव्हतं. रिकाम्या जागेवर कुणी टॉवेल टाकून ठेवावा तशी ती स्वतःला समजत होती.

आणि मग कार्तिकात हाच रस्ता. तेव्हा कठडा नव्हता, बोगदा खणायचं काम चाललं होतं. सकाळी धुकं पडलं होतं. सुलाबाई सर्जाला घेऊन पुढं झाली. निम्मी मेंढरं मागोमाग आली, निम्मी रस्त्याच्या मधेच घोटाळली, कुणीकडं जावं ते न कळून. ती हाका मारत राहिली. तेवढ्यात धुक्यातून ट्रकचा हॉर्न आला आणि हॉर्नच्या मागोमाग ट्रक.

किती मेंढरं गेली ते तिनं मोजलं नाही. नाथाजीनं मोजलं आणि वर्षभर ऐकवलं. त्याच्या बायकोचा, धोंडुबाईचा, पाय मोडला. पाय बसला, पण वाकडा बसला. वाड्यात कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण पाठीमागं सगळे म्हणाले, बाईच्या पायगुणानं झालं. पाठीमागचं बोलणं माणसाला तोंडावरच्याहून चांगलं ऐकू येतं.

सुलाबाई उठली. भिंतीला टेकवावी तशी आपली काठी तिनं नाथाजीच्या अंगाला टेकवली.

"भावजी, आज तुमीच म्होरं व्हा."

"म्या?" नाथाजीच्या मिशा हलल्या. "कारभारीण तुमी."

"माज्यानं हुईत न्हाई."

हे ती हळू बोलली, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. आप्पासोनं मान खाली घातली. नाथाजीनं काठी उचलली आणि मुंडासं सारखं करून घेतलं.

नाथाजीची तऱ्हा सोपी होती, मागून रेटायचं. त्यानं कुत्री सोडली, आरडाओरडा केला, आणि सगळा कळप बोगद्याच्या तोंडावर नेऊन कोंबला. पुढची मेंढरं अंधार बघून थबकली. मागची रेटू लागली. पुढच्यांच्या खुरांना पाणी लागलं तशी ती उलटली आणि मागच्यांच्या अंगावर चढली. कोकरं खाली ओरडायला लागली. नाथाजी कळपाच्या मधोमध अडकला. कंबरेएवढ्या लोकरीत उभा राहून तो काठी उंच धरून शिव्या देत होता, कधी मेंढरांना, कधी रस्ता करणाऱ्यांना. शेवटी एका तगड्या मेंढीनं त्याच्या दोन पायांतून वाट काढली आणि नाथाजी पाण्यात बसला.

कुणी हसलं नाही. हसायची वेळ नव्हती. एक कोकरू तुडवलं गेलं होतं.

सुलाबाईनं ते कोकरू पदरात घेतलं. जीव होता, पुढचा एक पाय मात्र टेकत नव्हतं. त्याच्या पायाला ती चिंधी बांधत असताना नाथाजी निथळत माळावर आला आणि म्हणाला, "बघटलंसा? तुमचं अपेश मलाबी लागलं."

दुपारी सगळे बाभळीखाली बसले. आप्पासोनं तंबाखू मळली, पण तोंडात टाकायची राहून गेली.

"वाट न्हाई तर न्हाई," नाथाजी म्हणाला. "वाडा फोडू या. उद्या सकाळी ज्येनं त्येनं आपली मेंढरं येगळी करावी. म्या माजी घिऊन माघारी जातू. ज्येला जिकडं जायाचं त्येनं तिकडं जावं."

"एकट्याला कोन रानात बसू देतंय रं?" आप्पासो म्हणाला. "चार बिऱ्हाडं हायत म्हनून मळेवाला बोलीवतू. येकट्याची मूठभर मेंढरं घिऊन त्येनं काय करायचं? आन् चोरं-लांडगं कोन राखायचं?"

"मग काय करायचं, तुमी सांगा की. कारभारनीनं तर हात टेकलं."

सगळ्यांनी सुलाबाईकडं बघितलं. तिनं कोकराच्या पायाकडं बघितलं.

त्याच वेळेला फोन वाजला. कुंडलचा शंभूराज, मळेवाल्याचा मुलगा. बापानं अलीकडं शेताचा व्यवहार त्याच्यावर टाकला होता.

"हॅलो, कोण बोलतंय? मावशी, कारभाऱ्याला द्या की फोन."

"बोला, म्याच..." एवढं सुलाबाईच्या तोंडून निघालं आणि पुढचं आत राहिलं. आज सकाळी काठी दुसऱ्याच्या हातात दिली होती, आता कुठल्या तोंडानं म्हणायचं? तिनं फोन नाथाजीच्या हातात दिला.

"व्हय, कारभारी बोलतूय," नाथाजी म्हणाला. "न्हाई जमत आमास्नी. बघू. उद्या सांगतू."

फोन परत आला तो ओला आणि चिखलाचा. सुलाबाईनं तो पदराला पुसला. त्या पुसण्यात तिला इतकं लाजल्यासारखं झालं, की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं उन्हावर ढकललं.

चार वाजायच्या सुमाराला राजवर्धन मोटारसायकलवरून आला. आप्पासोनं फोन करून बोलावला होता. पोरगा सकाळची शिफ्ट करून तसाच निघाला होता, अंगात कारखान्याचा निळा शर्ट. आईच्या शेजारी उकिडवा बसला आणि कोकराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला,

"आयं, इकून टाकू या समदं. साताऱ्याला चल. खोली हाय, दारात नळ हाय. सकाळ-संध्याकाळ पानी येतंय."

"नळ?"

"व्हय. तुला कुटं जायाला नको, की याला नको."

सुलाबाईच्या डोळ्यांसमोर तो नळ आला. आयुष्यभर ती पाण्याच्या मागं चालली होती, आणि इथं पाणी दारात येऊन उभं राहत होतं. तिला मोह झाला. हो म्हणावं, डोकं टेकावं, पोराच्या दारात नळाखाली पाय धुवावेत. हॉर्न नको, नाथाजी नको, कुणाचं तोंड बघणं नको.

"आन् सर्जा?" तिनं विचारलं.

"सर्जाला कोनबी घील. दांडगा एडका हाय."

ती कोकराच्या पायावरची चिंधी घट्ट करायला लागली. राजवर्धननं ते होकारात धरलं आणि मोटारसायकलवरची धूळ झटकायला गेला.

दिवस कलला तशी धोंडुबाई वाकडा पाय ओढत सुलाबाईच्या चुलीपाशी आली. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती ती धोंडुबाईनंच उलथली.

"आक्का, तुजं ध्यान कुटं हाय?"

"धोंडे, एक इचारू?" सुलाबाई म्हणाली. "तू माजा राग सोडलास का गं?"

"न्हाई," धोंडुबाईनं ताडकन सांगितलं. "का सोडू? आभाळ भरून आलं की पाय ठनकतूय. तवा पैली शिवी तुलाच देती."

सुलाबाईनं मान हलवली. शिवी रास्त होती.

"पर ट्रक अंगावर आला तवा माजा हात धरून वडलं कुनी?" धोंडुबाई भाकरी थापटत म्हणाली. "तू वडलंस. एक पाय ग्येला, न्हाईतर समदीच ग्येली असती. आन् आमचा मिशीवाला कुटं हुता म्हाईती हाय? मातीच्या ढिगावर! मेंढरं मोजायला उंचावर ग्येला हुता म्हनं."

सुलाबाईला हसू आलं, ते तिनं दाबलं. वर्षभरात आपण धोंडुबाईचा हात धरला होता, हे तिला एकदाही आठवलं नव्हतं. आठवलं होतं ते सगळं गेलेलं.

"उद्या त्येच्यामागं म्या माघारी जानार," धोंडुबाई उठत म्हणाली. "जावं लागंल. पर वाट त्येला ठावं न्हाई, एवडं सांगून ठिवती." आणि पाय ओढत निघून गेली.

सकाळी नाथाजी सगळ्यांच्या आधी उठला. वाटणी करायची म्हटलं की त्याच्या अंगात चार माणसांचं बळ यायचं. त्याच्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा तांबडा पट्टा होता. तेवढी निवडून त्यानं माळाच्या एका अंगाला काढली. मेंढरांना वेगळं निघायचं नव्हतं. तांबड्या पट्ट्याची मेंढी दहादा फिरून कळपात शिरायची आणि नाथाजी दहादा तिला कान धरून ओढायचा. त्याची पोरं दमली, कुत्री दमली. बाकीची माणसं नुसती बघत उभी होती. बापजाद्यांपासून एकत्र चाललेला वाडा असा मेंढी-मेंढीनं सुटताना बघवत नव्हतं, आणि बोलवतही नव्हतं.

ते झाल्यावर तो सुलाबाईच्या बिऱ्हाडाकडं आला. घोडीजवळ ठेवलेली देवाची पाटी त्यानं उचलली.

"थोरल्या घरात देव हुता तवर हुता," तो म्हणाला. "आता ह्ये घर साताऱ्याला चाललं. नळाच्या पान्यानं देवाला न्हाऊ घालनार व्हय? देव म्या न्हेतू."

सुलाबाईनं अडवलं नाही. देव गेला. भंडाऱ्यानं पिवळी झालेली पाटी नाथाजीच्या काखेत गेली, आणि ती बघत राहिली.

मग नाथाजी सर्जाकडं वळला. एडका खुंट्याला बांधलेला होता. नाथाजीनं त्याचं शिंग धरलं, गुडघ्यानं मान दाबली आणि गळ्यातल्या घंटीत बोट घातलं. एवढ्या दिवसांची कोंबलेली लोकर, मळानं आणि चरबीनं दगड झाली होती. त्यानं नख लावून उचकटायला सुरुवात केली.

"भावजी, ह्ये काय करताय?"

"कारभारी कुनीतरी व्हायाला पायजे का नगं? देव माज्याकडं, घंटी बी माज्याकडं. एडका तुमी इका, घंटी म्या न्हेतू."

सुलाबाईचं डोकं सणकलं. काठी दिली होती, फोन दिला होता, देवसुद्धा दिला होता. पण ती लोकर तिनं कोंबली होती. बिराप्पाच्या अंगावरची माती हाताला तशीच असताना, त्याच हातानं. त्या लोकरीत तिसऱ्या कुणाचं बोट जावं, हे तिला सोसलं नाही.

"हात काढा."

"आँ?"

"हात काढा म्हंते!"

माळावरची सगळी माणसं वळली. नाथाजीनं हात काढला. तो घाबरला असं नाही, पण वैनीचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता, आणि सवय नसलेल्या गोष्टीला माणूस आधी वाट देतं.

सुलाबाईनं वाकळ शिवायचं दाभण आणलं आणि सर्जापुढं गुडघे टेकले. "बाईच्या हातानं..." नाथाजी म्हणायला लागला. तिनं ऐकलं नाही. दाभण लोकरीत घुसवलं, पिळलं, ओढलं. लोकर तुकड्या-तुकड्यानं आली. एका वेळी दाभण सटकून तिच्या तळहातात घुसलं. रक्त आलं ते तिनं सर्जाच्या अंगाला पुसलं आणि पुन्हा पिळलं. शेवटचा बोळा निघाला तशी सर्जानं मान झटकली.

घंटी वाजली.

जाड पितळेचा आवाज होता तो, भरदार. माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मेंढरांच्या माना वर झाल्या. तांबड्या पट्ट्याच्याही झाल्या. आप्पासोचे डोळे भरून आले. त्यानं मुंडासं काढलं आणि परत बांधलं, काय करावं ते न सुचून.

"सुटली की," सुलाबाई म्हणाली. "कान हायत नव्हं तुमास्नी? देव ठिवा घोडीवर."

नाथाजीनं पाटी ठेवली नाही. पण घेऊन चालूही लागला नाही, तशीच काखेत धरून उभा राहिला. धोंडुबाई लंगडत आली, त्याच्या काखेतून पाटी काढून घेतली आणि घोडीवर चढवली. "माजी मेंढरं येत न्हाईत," नाथाजी म्हणाला. "नगा आनू," सुलाबाई म्हणाली आणि घोडीची दोरी आवळली. तिच्यामागं दोन बिऱ्हाडांच्या दोऱ्या आवळल्या गेल्या.

"आयं, म्या म्होरं हुतू," राजवर्धन धावत आला. "तू मागनं ये."

"तू मागंच ऱ्हा. अलीकडनं गाडी आत सोडू नगंस. आन् रेटू नगा कुनी! मेंढराला रेटायचं न्हाई."

"बिरोबाच्या नावानं..." आप्पासोनं थरथरत्या आवाजात आरोळी दिली.

"चांगभलं!"

आप्पासोच्या हातातली काठी मागून घेऊन सुलाबाई सर्जाबरोबर बोगद्यात शिरली.

पाणी गार होतं. घोटा बुडाला, चपलेत चिखल शिरला. चार पावलांवर उजेड संपला. सर्जा अडला, तिनं त्याच्या शिंगाला हात लावला, ओढलं नाही. नुसता लावला. त्यानं एक पाऊल टाकलं. घंटी वाजली, भिंतीवर आपटली आणि दुप्पट होऊन परत आली. पाठीमागं पाण्यात खूर पडल्याचा आवाज आला. मग आणखी खूर. ती मागं बघायची थांबली, कारण बघून काही दिसत नव्हतं, आणि ऐकू सगळं येत होतं.

निम्मा बोगदा झाला तेव्हा समोरच्या तोंडातून उजेड आत घुसला. दोन दिवे. आणि हॉर्न.

 सुलाबाईच्या पोटऱ्यांतलं बळ गेलं. धुकं, ट्रक, धोंडुबाईची किंकाळी, सगळं एकदम आलं. भिंतीला चिकटावं, खाली बसावं, डोळे मिटावेत, एवढंच अंगाला कळत होतं. सर्जानं मान फिरवली. मागचे खूर थांबले. आता हा एक एडका उलटा फिरला, की काल झालं तेच होणार होतं, आणि आज ते अंधारात, पाण्यात आणि मागच्या माणसांच्या अंगावर होणार होतं.

तिची भीती गेली नाही. उगाच कशाला खोटं सांगायचं? भीती तिथंच होती, पोटऱ्यांत. पण काल याच भीतीला तिनं काठी दिली होती, फोन दिला होता, आणि आज देव देऊन बसली होती. आता तिच्याकडं द्यायला सर्जा तेवढा उरला होता, आणि तो ती देणार नव्हती. लटपटत्या पायांनीच ती पुढं झाली. जीप पुढ्यात येऊन करकचून थांबली. सुलाबाईनं काठी उचलली आणि जीपच्या तोंडावर हाणली.

"हॉर्न बंद कर!"

"ए म्हातारे, मरायचंय का?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"मरायचं असतं तर गेल्या सालीच मेले असते. हॉर्न बंद कर. दिवं बंद कर. गाडी बंद कर. माजी मेंढरं यायलीत."

"हा काय मेंढरांचा रस्ता आहे?"

"मग कुनाचा हाय? वरचा तुमी घेटलासा, खालचाबी घ्या! म्या हितनं हालत न्हाई. घाल गाडी अंगावर." आणि तिनं काठी आडवी धरली.

ड्रायव्हरनं तिच्याकडं बघितलं. तिचे पाय कापत होते हे दिव्यांच्या उजेडात त्याला स्वच्छ दिसत असणार. कापणाऱ्या पायांवर उभं राहून जी बाई हटत नाही तिच्याशी काय बोलायचं, हे त्याला सुचलं नाही. त्यानं दिवे मालवले. इंजिन गप्प झालं.

पुन्हा अंधार झाला. त्या अंधारात सर्जानं मान हलवली आणि घंटी वाजली. जीपच्या कडेकडेनं मागचे खूर पाण्यात पडू लागले, आधी एक-दोन, मग सगळे.

तेव्हा सुलाबाईला कळलं. धुक्यातसुद्धा असंच दिसत नव्हतं. मेंढरं सर्जाला शोधत होती आणि सर्जा मुका होता. मेंढरं काही उलट्या काळजाची नव्हती, तिचा पाय वाईट नव्हता. तिनं घंटी सोडली नव्हती, आणि तिला ती सोडू दिली गेली नव्हती. एवढ्या साध्या गोष्टीसाठी तिनं एक अख्खं वर्ष स्वतःला जाळलं होतं. तिला इतका संताप आला, की पायांचं कापणं कधी थांबलं ते तिला कळलंच नाही.

बोगद्याच्या पलीकडं उन्हं होती. ऊस तुटलेली रानं, पाचट, आणि बांधाला हिरवा पाला. मेंढरं ओल्या पोटांनी बाहेर पडत होती आणि पाल्यावर तुटून पडत होती. सुलाबाई कडेला उभी राहून तळहात चोखत होती. आप्पासो घोडीच्या दोरीला धरून बाहेर आला तशी ती त्याच्यावर घसरली.

"आप्पा, गेल्या साली घंटी मुकी हुती. धुक्यात मेंढरास्नी एडका दिसला न्हाई, आन् ऐकूबी आला न्हाई. आन् तुमी समद्यांनी वरीसभर माज्या पायाला बोल लावला!"

आप्पासो दम खात उभा राहिला. "लावला," तो म्हणाला. "आमी लावला, आन् तू लावून घेटलास."

 ती काही म्हणणार तेवढ्यात तिची नजर बोगद्याकडं गेली. कळप संपायला हवा होता, पण संपत नव्हता. आतून आणखी मेंढरं येत होती. त्यांच्या पाठीवर तांबडे पट्टे होते.

त्यांच्या मागोमाग धोंडुबाई आली, गुडघ्यापर्यंत लुगडं वर खोचून. "घंटी ऐकली आन् पळाली मेली समदी," ती म्हणाली. "कुत्र्यास्नीबी आवरली न्हाईत. मग म्याबी आली." तिच्यामागून राजवर्धन आला. निळा शर्ट चिखलानं भरला होता आणि काखेत पाय बांधलेलं कोकरू होतं. त्यानं ते आईजवळ आणून खाली ठेवलं. साताऱ्याचं काही बोलला नाही. सुलाबाईनं सर्जाच्या पाठीवर थाप मारली, आणि दोघं मळ्याच्या वाटेनं पुढं झाली. मेंढरं मागं लागली.

सगळ्यात शेवटी नाथाजी आला. डोक्यावर कोंबड्यांचं डालगं, हातात काठी. माळावर राखायला काही उरलंच नव्हतं, मग राहून करणार काय? धोतर पिळायला तो बांधावर टेकला, तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. कुंडलचा शंभूराज. काठी बघितली, मिशा बघितल्या, आणि हात जोडून म्हणाला,

"नमस्कार, कारभारी. काल फोनवर आपलंच बोलणं झालं न्हवं का?"

नाथाजीनं शंभूराजकडं बघितलं. मग धोंडुबाईकडं बघितलं. ती कंबरेवर हात ठेवून, काय बोलतोय ते ऐकायला उभी होती. नाथाजीनं धोतराचा सोगा पिळला, पाणी गळेपर्यंत पिळला.

"म्या न्हवं," तो म्हणाला.

"मग कारभारी कोण हाय?"

दूर पाचटाच्या रानात सर्जानं मान झटकली.

"कान हायत नव्हं तुमास्नी?" नाथाजी खेकसला. "वाजती तितं जावा की!"